पहिले जुने रिकर्व्ह धनुष्य: देखणे घ्यावे की हलके, आणि दुरुस्ती कुठपर्यंत करावी?

सरळरेघ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी,

मी सुट्या लिम्बचे (म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजांचे) आधुनिक रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य वापरते आणि त्यावर साइट (नेम धरण्याचे साधन), क्लिकर (ओढ पूर्ण झाल्याचा आवाज देणारी पट्टी), स्टॅबिलायझर (तोल राखणारा दांडा) असा सगळा सरंजाम आहे. हा सरंजाम बाजूला ठेवून एखादे एकसंध लाकडी धनुष्य घ्यावे, ते स्वतःच्या हाताने नीट करावे आणि नुसत्या नजरेच्या अंदाजाने बाण मारायला शिकावे, असे बरेच दिवस मनात आहे. अशी धनुष्ये नवीनही मिळतात याची मला कल्पना आहे, परंतु १९६० आणि १९७० च्या दशकांतील लाकूड आणि फायबरग्लासच्या धनुष्यांची घडण मला अधिक भावते.

सध्या दोन धनुष्ये विक्रीला आहेत आणि दोन्ही प्रत्यक्ष हाताळून पाहता येणार आहेत. पहिले बेअर कंपनीचे ५८ इंची ग्रिझली मॉडेल असून त्यावर ५० पौंड असे वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, लिहिले आहे. लिम्बवर १९५३ हे साल छापलेले असल्यामुळे ते त्याच साली बनले, असे विक्रेता सांगतो आणि किंमतही त्याच हिशेबाने मागतो. मुठीजवळ उठावदार नाण्यासारखे पदक बसवलेले आहे. दोरी चढवल्यावर ती खालच्या लिम्बच्या मध्यावरून न जाता एका कडेला सरकते, फायबरग्लासमध्ये काही बारीक रेषा दिसतात आणि आधीच्या मालकाने साइट बसवण्यासाठी मुठीच्या वर दोन भोके पाडलेली आहेत. तरीही ते फारच देखणे आहे.

दुसरे बेन पिअर्सन कंपनीचे ६२ इंची आणि ३५ पौंडांचे आहे. त्यावर कोणीतरी सरसकट तपकिरी रंग फासला आहे, मुठीवरचे कातडे फाटले आहे आणि दोरीही नाही.

माझी ओढ (दोरी मागे खेचण्याचे अंतर) साडेसव्वीस इंचांची आहे आणि सध्याच्या धनुष्याचे वजन माझ्या बोटांवर सुमारे २८ पौंड भरते. पहिल्या धनुष्याचा पीळ (लिम्ब एका बाजूला वळणे) काढता येईल का, त्या रेषा धोक्याच्या आहेत का आणि मूळ पॉलिश काढून नवे चढवावे का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

जुनीकमान यांचे उत्तर

वयाचा प्रश्न आधी निकालात काढू, कारण किंमत त्यावर बेतलेली दिसते. १९५३ हे त्या धनुष्याच्या निर्मितीचे साल नाही. ते पेटंटचे साल असून, बेअर कंपनीने ते पुढे कित्येक वर्षे आपल्या धनुष्यांवर छापले. विक्रेता मुद्दाम फसवत असेल असे नाही. हा गैरसमज इतका रूढ आहे की जुन्या धनुष्यांच्या निम्म्या जाहिराती त्यावरच उभ्या असतात की काय, अशी शंका येते.

तुम्ही उल्लेखिलेले पदक अधिक खरे बोलते. बेअरच्या धनुष्यांत असे नाणे बसवण्याची पद्धत १९५९ पासूनची आहे. आरंभी ते लाकडाशी समपातळीत बसवलेले असे आणि हाताला त्याची कड जाणवत नसे. उठावदार नाणे १९७० च्या दशकाची पहिली काही वर्षे उलटल्यानंतरचे आहे. म्हणजे तुमच्यासमोरचे ग्रिझली विक्रेता सांगतो त्यापेक्षा किमान वीस वर्षांनी तरुण आहे. लिम्बवर गावाचे नाव वाचता येते का, तेही पाहा. फ्रेड बेअर यांनी १९३३ मध्ये डेट्रॉइटला कंपनी सुरू केली, १९४७ मध्ये ती मिशिगनमधीलच ग्रेलिंगला नेली आणि १९७८ मध्ये कारखाना फ्लोरिडातील गेन्सव्हिलला गेला. ग्रेलिंग लिहिलेले असेल तर ते स्थलांतरापूर्वीचे समजावे, आणि संग्राहक त्याला थोडा अधिक भाव देतात.

थोडा अधिक म्हणजे थोडाच. त्या काळातील ग्रिझली दुर्मीळ नाही. हॉलेस विल्बर ॲलन यांना कंपाउंड धनुष्याचे पेटंट १९६९ च्या अखेरीस मिळाले आणि पुढच्या दहाएक वर्षांत शिकारी मंडळी मोठ्या संख्येने कप्प्यांच्या धनुष्याकडे वळली. तोवर घेतलेली रिकर्व्ह धनुष्ये माळ्यावर आणि गॅरेजमध्ये गेली. आज विक्रीला येतात ती बहुतांशी तीच. त्यामुळे हे हातचे गेले तर दुसरे मिळणार नाही, या धास्तीने सौदा करू नका. ही बहुतेक धनुष्ये शिकारीसाठी घेतलेली असल्यामुळे त्यांतील फार मोठा भाग ४५ ते ५५ पौंडांचा असतो, हेही ध्यानात ठेवा.

धनुष्य परदेशातून मागवण्याची वेळ आली तर मुठीचे लाकूड कोणते, हे आधी विचारून घ्या. त्या काळच्या काही उंची धनुष्यांत ब्राझिलियन रोझवूड वापरलेले असे आणि १९९२ पासून ते साइट्स कराराच्या (धोक्यातील प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे. कागदपत्रांशिवाय ते सीमेवर अडकू शकते.

तासणी यांचे उत्तर

जुनीकमान यांनी सालाचे स्पष्ट केलेच आहे, म्हणून मी फक्त लिम्बविषयी लिहितो. माझ्या मते जुन्या धनुष्याची खरेदी म्हणजे दोन लिम्बची खरेदी. मूठ, कातडे, पॉलिश आणि बाण टेकवायची जागा हे सारे दुरुस्त करता येते किंवा बदलता येते. लिम्बचा थर सुटला असेल तर मात्र ते धनुष्य भिंतीवर टांगण्याच्याच लायकीचे उरते.

तपासणी दोरी चढवण्यापूर्वी करावी. धनुष्य उजेडाकडे धरून लिम्बच्या दोन्ही कडा नखाने मुठीपासून टोकापर्यंत हळूहळू चाचपाव्यात. फायबरग्लासची पट्टी आणि आतले लाकूड यांच्या सांध्यात नख कुठेही अडकता कामा नये. मूठ जिथे निमुळती होत लिम्बमध्ये विरते, ती जागा विशेष काळजीने पाहावी, कारण तिथे ताण एकवटतो आणि सरस बहुधा तिथूनच सुटायला लागतो. फायबरग्लास पारदर्शक असेल तर विजेरी अगदी आडवी धरून तिचा झोत कडेने टाकावा. थर सुटलेल्या जागी आत हवा शिरलेली असते आणि तिथे चंदेरी किंवा दुधी डाग उमटतो. ग्लास रंगीत असेल तर हा उपाय चालत नाही. अशा वेळी नाण्याच्या कडेने हलके टकटक करत पुढे सरकावे. भरीव जागेचा आवाज खणखणीत येतो आणि सुटलेल्या जागेचा बद्द येतो. एकदा दोन्ही आवाज कानाखालून गेले की फरक कधीच चुकत नाही.

आता रेषांविषयी. लिम्बच्या लांबीच्या दिशेने धावणाऱ्या केसासारख्या रेषा जुन्या धनुष्यांत, विशेषतः बेअरच्या, सर्रास आढळतात. फायबरग्लासचे तंतू त्याच दिशेने असतात, त्यामुळे दोन तंतूंमधली राळ उघडी पडली तरी तंतू तुटलेले नसतात. अशा रेषा वर्षानुवर्षे जशाच्या तशा राहतात. लिम्बच्या रुंदीला आडवी जाणारी रेषा मात्र तंतू तुटल्याची खूण असू शकते, आणि तसे असेल तर ते धनुष्य नाकारावे. इथे एक घोटाळा होतो. जुने लॅकर सुकून तडकते आणि त्याच्या भेगा अनेकदा आडव्याच असतात, त्यामुळे चांगले धनुष्यही मोडके वाटते. ओळखण्याचा उपाय सोपा आहे. विक्रेत्याची परवानगी घेऊन एका लहानशा जागी ४०० नंबरचा सँडपेपर दोन-चारदा फिरवावा. लॅकरसोबत रेषाही गेली तर ती पॉलिशची होती, आणि खालच्या गुळगुळीत ग्लासमध्ये ती तशीच राहिली तर धनुष्य परत द्यावे. विक्रेता परवानगी देत नसेल तर कापसाचा बोळा त्या रेषेवरून दोन्ही दिशांनी ओढावा. तुटलेला तंतू कापसाचा धागा पकडतो.

यानंतर टोके. दोरीच्या खाचा कानसाने कोरल्यासारख्या स्वच्छ आहेत का, खाचेत चीर आहे का आणि टोकावर चिकटवलेली पट्टी हलते का, हे पाहावे. साइटसाठी पाडलेली भोके मुठीच्या जाड भागात असतील तर ती लाकडाचा भुसा मिसळलेल्या इपॉक्सीने बुजवता येतात आणि नेमबाजीला त्यांचा काही अडथळा होत नाही. लिम्बमध्ये मात्र एकही भोक चालत नाही, मग ते कितीही सफाईने बुजवलेले असो.

पीळ हा या सगळ्यांत सर्वांत भयावह दिसणारा आणि पुष्कळदा सर्वांत सहज सुटणारा दोष आहे. मांडीत अडकवून दोरी चढवण्याची सवय, कोपऱ्यात टोकावर उभे करून ठेवणे आणि उन्हात तापलेली गाडी ही त्याची नेहमीची कारणे. प्रथम दोरी काढून लिम्ब टोकाकडून एका डोळ्याने न्याहाळावा. दोरी नसतानाही टोक वळलेले दिसले तर तो पीळ आहे. लिम्ब सरळ असूनही दोरी कडेला जात असेल तर दोन खाचांपैकी एक अधिक खोल आहे का, हे तपासावे, कारण मग दोष लिम्बचा नसून खाचेचा असतो. खरा पीळ असेल तर दोरी चढवलेल्या स्थितीत लिम्ब तळहातात धरून, पीळ जिकडे आहे त्याच्या विरुद्ध दिशेला मध्यरेषेच्या किंचित पलीकडे वळवून मिनिटभर धरावा, सोडावा आणि पुन्हा पाहावे. एवढ्याने जागचा हलला नाही तर हेअर ड्रायरने लिम्ब हाताला चांगला उबदार लागेल इतपत तापवून हीच क्रिया करावी आणि पूर्ण थंड होईपर्यंत हात सोडू नये. चटका बसून हात मागे घ्यावा लागला तर उष्णता जास्त झाली असे समजावे, कारण आतला सरस त्याच उष्णतेने नरम पडतो. नंतर धनुष्य रात्रभर दोरीसह आडवे ठेवावे. पीळ काही दिवसांत थोडा परतला तर क्रिया पुन्हा करावी. वारंवार तेवढाच परतत असेल तर लिम्बचे लाकूड किंवा सरस आतून थकला आहे, आणि त्या धनुष्यावर अधिक श्रम करण्यात अर्थ नाही.

तिसरेबोट यांचे उत्तर

तासणी यांनी सांगितलेले सर्व करून ग्रिझली निर्दोष ठरले, तरीही मी ते घेण्याचा सल्ला देणार नाही.

धनुष्यावर लिहिलेले वजन बहुधा २८ इंचांच्या ओढीचे असते. ओढ एक इंचाने कमी-अधिक झाली की वजन ढोबळमानाने दोन ते तीन पौंडांनी बदलते. म्हणजे तुमच्या साडेसव्वीस इंचांवर ५० पौंडांचे धनुष्य ४६ च्या आसपास भरेल आणि ३५ पौंडांचे ३१ ते ३२ च्या घरात. आज तुम्ही २८ पौंड ओढता, तेही क्लिकर आणि साइटच्या शिस्तीत. ४६ पौंडांवर पाठीचे स्नायू पुरे पडत नाहीत, मग हात आणि खांदे ते ओझे उचलतात, ओढ पूर्ण होण्याआधीच बोटे सुटतात आणि डोळ्याला अंदाज शिकायला जो एक स्थिर क्षण लागतो, तोच मिळत नाही. नुसत्या नजरेने बाण मारण्याची विद्या हलक्या धनुष्यावर सुरू होते, यात मला कधी अपवाद दिसलेला नाही.

पीळ निघतो, रंग निघतो, कातडे बदलते. पण फायबरग्लासच्या धनुष्याचे वजन घरच्या घरी उतरवता येत नाही. लिम्बच्या कडा घासून पाच-सात पौंड कमी करता येतात असे काही जण सांगतात. त्यात संतुलन बिघडण्याचा आणि लिम्ब पिळण्याचा धोका आहे, शिवाय पाच-सात पौंडांनी तुमचा प्रश्न सुटतही नाही.

शिकारीच्या धनुष्यांऐवजी त्या काळची लक्ष्यवेधाची धनुष्येही पाहायला हरकत नाही. बेअरचे टॅमरलेन किंवा हॉइटचे प्रो मेडलिस्ट ही ६६ इंच आणि त्याहून लांब धनुष्ये कमी वजनात तुलनेने सहज मिळतात. त्यांची लांबी आणि मुठीचे वजन पाहून पारंपरिक मंडळी नाक मुरडतात. मला मात्र ती घडणीच्या दृष्टीने त्या काळची सर्वोत्तम वाटतात.

जुनीकमान यांचे उत्तर

तिसरेबोट यांच्या हिशेबाशी सहमत आहे, निष्कर्षाशी पूर्णपणे नाही. ग्रिझली योग्य किमतीत मिळत असेल तर ते घेऊन ठेवायला, पीळ काढून सावकाश नीट करायला आणि वर्ष-दोन वर्षांनी वापरायला काय हरकत आहे? पन्नास पौंडांचे धनुष्य पन्नास पौंडांचेच राहते हे खरे, पण ओढणारी व्यक्ती आहे तिथेच राहत नाही.

तिसरेबोट यांचे उत्तर

हरकत एवढीच की देखणे धनुष्य घरात असताना ते ओढून पाहण्याचा मोह कोणालाही आवरत नाही. खांदा एकदा दुखावला की हलके धनुष्यही महिनोन्‌महिने बाजूला ठेवावे लागते. दोन्ही घेण्याची ऐपत असेल तर ग्रिझलीची दोरी दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्यावी, हे मी थट्टेने म्हणत नाही.

सरळरेघ यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही धनुष्ये पाहून आले. ग्रिझलीवर गेन्सव्हिल असे स्पष्ट लिहिलेले आहे, म्हणजे ते १९५३ चे असण्याचा प्रश्नच मिटला. विक्रेत्याला हे दाखवल्यावर त्याने किंमत उतरवण्याची तयारी दाखवली, पण वजनाचा मुद्दा मला पटला असल्यामुळे मी ते घेतले नाही.

बेन पिअर्सन घेतले आहे. कडांवर नख कुठेही अडकले नाही, टकटक केल्यावर आवाज दोन्ही लिम्बवर सारखा आला आणि टोके शाबूत आहेत. मुठीच्या फाटलेल्या कातड्याखाली रंग पोचलेला नाही. तिथे लालसर गडद लाकूड आणि त्यातून जाणारी मेपलची फिकट पट्टी दिसते. खालच्या लिम्बवर रंगाखाली हाताने लिहिलेली अक्षरे असावीत, असे तिरप्या उजेडात जाणवते. आता हा रंग कसा काढावा आणि दोरी कोणती घ्यावी? रंग विरघळवणारे रसायन लावले तर काम लवकर होईल, असे एका सुताराने सुचवले आहे.

तासणी यांचे उत्तर

उत्तम निवड केलीत. रसायन मात्र अजिबात लावू नका. फर्निचरवरचा रंग काढणारी द्रावणे राळेवर तयार झालेल्या पदार्थांनाही सोडत नाहीत. फायबरग्लास आणि सरस दोन्ही राळेचेच असतात, आणि द्रावण सांध्यात झिरपले तर त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. तो भर ओढीत दिसतो.

रंग कोरडाच काढायचा. मुठीवर सुताराची पातळ पोलादी तासणी चालवा आणि लिम्बवर सपाट ठोकळ्यावर गुंडाळलेला २२० नंबरचा सँडपेपर वापरा. रंग पातळ झाला की ३२० वर या आणि शेवटचा थर ४०० ने काढा. भुकटीच्या रंगावर लक्ष ठेवा. आधी तपकिरी भुकटी निघेल, मग मूळ लॅकरची पांढरट किंवा पिवळसर भुकटी दिसेल. तिथेच थांबण्याची तयारी ठेवा. लॅकर संपून ग्लासच्या रंगाची भुकटी यायला लागली म्हणजे तुम्ही तंतू कापायला सुरुवात केली आहे, आणि तिथून पुढचा प्रत्येक हात लिम्ब अशक्त करतो. काचेचे तंतू फुप्फुसात आणि कातडीत रुततात, तेव्हा चांगला मास्क लावा, बाह्या लांब ठेवा आणि भुकटी ओल्या फडक्याने पुसा, फुंकू नका.

अक्षरांचे काम वेगळे आणि नाजूक आहे. ती बहुधा मूळ लॅकरच्या खाली शाईने लिहिलेली असतात. त्यांच्याभोवती बोटभर जागा सोडून बाकीचा रंग काढा. मग त्या चौकोनात ६०० नंबरचा ओला कागद बोटाच्या टोकाने, जवळपास दाब न देता फिरवत अक्षरे स्पष्ट वाचता येतील इतपतच खाली जा. तिथे मूळ लॅकर राहू द्या, भले ते थोडे पिवळे दिसो. त्या अक्षरांतच तुमच्या धनुष्याची लांबी आणि वजन लिहिलेले असते, ती गेली की ते निनावी होते.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण तुम्ही गडद आणि फिकट लाकूड शेजारी असल्याचे लिहिले आहे. लालसर गडद लाकूड रोझवूडच्या जातीचे असेल तर त्यातला रंग ॲसिटोन किंवा स्पिरिटमध्ये सुटतो. भुकटी पुसण्यासाठी फडके त्यात भिजवून आडवेतिडवे फिरवले तर मेपलच्या पट्टीवर जांभळट ओघळ उतरतात आणि ते पुन्हा घासून काढावे लागतात. फडके जेमतेम ओलसर ठेवा, ते फिकट लाकडावरून गडद लाकडाकडे एकाच दिशेने न्या आणि प्रत्येक वेळी फडक्याची कोरी बाजू वापरा.

नव्या पॉलिशसाठी फडक्याने लावायचे पातळ पॉलियुरेथेन किंवा बंदुकीच्या दस्त्याला लावतात ते ट्रू-ऑइल, दोन्ही चालतात. थर पातळ ठेवा, प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या आणि मधे अगदी बारीक स्टील वूल फिरवा. आरशासारखी चकाकी मला व्यक्तिशः आवडत नाही. निशाण्यावर उभे असताना ती डोळ्यांवर येते आणि पहिल्या ओरखड्यानंतर धनुष्य केविलवाणे दिसते. मूळ पॉलिश शाबूत असलेल्या धनुष्याला मी हे काहीच करायला सांगितले नसते. तिथे मेणाचा एक हात पुरे, कारण संग्राहकांच्या दृष्टीने मूळ पॉलिश गेले की मोल उतरते. तुमच्या धनुष्याचे ते मोल रंग फासणाऱ्याने आधीच घालवले आहे, तेव्हा तुम्ही निःशंक मनाने काम करा.

तिसरेबोट यांचे उत्तर

दोरी डॅक्रॉनचीच (किंचित ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची) घ्या. बाजारात ती बी-५० या नावाने मिळते. फास्ट फ्लाइट आणि त्यानंतरचे न ताणणारे धागे बाणाला अधिक वेग देतात हे खरे आहे, परंतु ते अजिबात लवत नसल्यामुळे बाण सुटल्यानंतरचा सगळा धक्का टोकांवर येतो. त्या काळच्या धनुष्यांची टोके अशा धाग्यासाठी मजबूत केलेली नसतात, आणि खाच चिरून दोरी लिम्बमध्ये घुसल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. तुमच्या वजनाला बारा पदरांची दोरी योग्य होईल.

लांबीचे गणित असे आहे की एएमओच्या (धनुष्य-उत्पादकांच्या अमेरिकी संघटनेच्या) मोजमापाप्रमाणे दोरी धनुष्यापेक्षा तीन इंचांनी आखूड धरतात, पण डॅक्रॉन ताणला जात असल्यामुळे प्रत्यक्षात ती जवळपास चार इंचांनी आखूड लागते. म्हणजे ६२ इंचांना सुमारे ५८ इंचांची दोरी. रंग काढल्यावर अक्षरांत एएमओ असे लिहिलेले सापडले नाही तर लांबीवर विसंबू नका. फीत लिम्बच्या वळणांवरून फिरवून एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत स्वतः मोजा.

दोरी चढवताना स्ट्रिंगर (दोन्ही टोकांना अडकवून लिम्ब सारखे वाकवणारी दोरी) वापरा, पायात अडकवून चढवू नका. प्रथम धनुष्य दोरीसह काही तास नुसते ठेवा, मग कडा आणि सांधे पुन्हा नखाने चाचपा. त्यानंतर ओढ थोडी थोडी वाढवत न्या: आधी थोडीशी, मग निम्मी, मग पाऊण. प्रत्येक वेळी दोरी हातानेच परत न्या, बाण नसताना कधीही सोडू नका. टिक असा एकही आवाज आला तर तिथेच थांबा. इतकी वर्षे पडून असलेल्या धनुष्याची पहिली पूर्ण ओढ चेहऱ्यासमोर घेण्याऐवजी मूठ खुंटीला टेकवून, दोरीला दुसरी लांब दोरी बांधून दुरून ओढणारेही आहेत. मला ती पद्धत अतिरेकी वाटत नाही.

सरळरेघ यांचे उत्तर

स्ट्रिंगर माझ्याकडे आहे. दोरी आणि मुठीमधले अंतर किती ठेवावे, एवढे सांगितलेत तर बरे होईल. माझ्या आधुनिक धनुष्यावर ते बरेच जास्त आहे.

तिसरेबोट यांचे उत्तर

मुठीच्या सर्वांत खोलगट जागेपासून दोरीपर्यंत मोजा आणि साडेसात इंचांपासून सुरुवात करा. मग दोरीला पाच-सहा पीळ देत अंतर थोडे थोडे वाढवा आणि प्रत्येक टप्प्यावर काही बाण मारून कान देऊन ऐका. जिथे धनुष्याचा आवाज सर्वांत कमी येईल आणि मुठीतली थरथर थांबेल, ते अंतर तुमच्या धनुष्याचे. बहुधा ते आठच्या अलीकडे-पलीकडे येईल. डॅक्रॉनची नवी दोरी पहिल्या काही दिवसांत ताणली जाते, त्यामुळे तोवर रोज नेमबाजीपूर्वी अंतर मोजत राहा, आणि दोरी बसली की मगच बाण टेकवायची जागा आणि नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची खूण) कायमचा करा.

तासणी यांचे उत्तर

अक्षरे वाचता आली की इथे जरूर लिहा. त्यांत मॉडेलचे नाव किंवा क्रमांक सापडला तर जुनीकमान त्यावरून काळ काढतील. मुठीला नवे कातडे बसवायची घाई करू नका. आधी उघड्या लाकडावर काही दिवस मारून पाहा. पुष्कळांना ते तसेच आवडते, आणि मेपलची ती पट्टी झाकायला माझे मन तरी धजणार नाही.